निर्जळी रविवार

ते साल एकोणीसशे ब्याऐंशी. जून महिना. इलिनॉय राज्यातल्या नेपरव्हिलच्या त्या घरात पुढे कितीतरी रविवार आले नि गेले, पण कोणी नुसतं "त्या रविवारी" म्हटलं तरी कुठला ते विचारावं लागत नसे.

पद्मिनीची धाकटी लेक सीमा तेव्हा तीन महिन्यांची होती आणि चर्चमध्ये तिचं नाव जाहीर व्हायचं होतं. मॉर्मन लोकांत तान्ह्या मुलाला दीक्षा देत नाहीत. ती आठव्या वर्षी, मूल स्वतःच्या तोंडाने हो म्हणाल्यावर. तान्हेपणी फक्त आशीर्वाद. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी मंडळी उपाशी असतात, आणि त्या दिवशी चर्चमधले काही पुरुष गोल करून उभे राहतात. प्रत्येकाचा उजवा हात बाळाखाली, डावा शेजारच्याच्या खांद्यावर. त्यातला एक जण बाळाचं नाव घेतो आणि त्याच्यासाठी मागणं मागतो. आई बाकावर बसून बघते.

पद्मिनीचं घोडं तिथेच अडलं होतं.

या लोकांत ती गेली ती एका हिमवादळात. तीन वर्षांपूर्वी नवरा जगन्नाथ वडिलांच्या दिवसांसाठी पुण्याला गेला होता, आणि इथे बर्फाने दारं-खिडक्या बुजवलेल्या, पद्मिनी न्यूमोनियाने अंथरुणावर, घरात दहा वर्षांची थोरली लेक विनीता एकटी. समोरच्या घरातली लॉर्ना हफ न विचारता आत आली आणि तीन आठवडे घर तिनेच चालवलं. तिचा नवरा व्हर्न रोज पहाटे फावड्याने वाट करून द्यायचा. जगन्नाथ परत आला तेव्हा बायको बरी झाली होती आणि तिला देवही सापडला होता. यातली एकच गोष्ट आपण मागितली होती, असं तो म्हणाला, पण त्याने अडवलं नाही. स्वतः मात्र तो होता तिथेच राहिला. प्रयोगशाळेत मोजता येतं तेवढ्यावर त्याचा विश्वास. तरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो बायकोशेजारी बाकावर येऊन बसे.

पण पद्मिनी काही मूकपणे मान डोलावणारी नव्हती. नागपूरला वडिलांच्या बैठकीत घटनेवरचे वाद ऐकत ती वाढली होती, राज्यशास्त्रात एम. ए. केलं होतं. आणि ज्या चर्चने तिला बर्फातून बाहेर काढलं, तेच चर्च आता बायकांना सांगत होतं की स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीविरुद्ध आमदारांना पत्रं लिहा. मुदत जूनअखेर संपत होती. इलिनॉयने अजून होकार दिला नव्हता. मे महिन्यात दोन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन पद्मिनी बसने स्प्रिंगफिल्डला गेली, पदरावर दुरुस्तीच्या बाजूचा हिरवा बिल्ला लावून विधानभवनासमोर उभी राहिली, आणि गावच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो आला.

पुढच्या रविवारी बिशप राइनहोल्टने तिला आपल्या छोट्या खोलीत बोलावलं. या लोकांत पगारी पुजारी नसतो. राइनहोल्ट आठवडाभर लोकांच्या दाढा काढायचा आणि रविवारी बिशप व्हायचा. तो रागावला नाही. बायकांचा वर्ग शिकवायचं काम त्याने तिच्याकडून मऊ आवाजात काढून घेतलं, आणि त्या मऊपणाचाच तिला जास्त त्रास झाला. तेव्हा तिने विचारलं, निदान सीमाच्या आशीर्वादाला मला गोलात उभं राहू द्याल का, बाळ माझ्या हातात राहू दे. ते आपल्या हातात नाही, असं तो म्हणाला. मग ओशाळून त्याने तिच्याकडून शब्द मागितला की त्या दिवशी ती आपण होऊन उठणार नाही. तिने शब्द दिला. घरी येताना गाडीतच तिने मनाशी ठरवलं की सीमाचं नाव होऊ दे, आणि मग पुरे. तो आपला शेवटचा रविवार.

हे जगन्नाथला माहीत होतं. शनिवारी शोभालाही कळलं.

शोभा म्हणजे जगन्नाथची धाकटी बहीण. चार-पाच तासांवरच्या नोव्हायहून एकटी गाडी हाकत आली होती, आत्याचा मान घ्यायला. शनिवारी घरीच बारसं झालं. बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी, सरलाबाईंनी, कपड्यांच्या टोपलीला साडी बांधून पाळणा केला. शोभाने बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाठीवर धपाटे खाल्ले, सगळं रीतसर. जेवताना मात्र तिने तोंड उघडलं.

"वहिनी, बारसं झालं. आता उद्या परत कशाला? एका पोरीची दोन बारशी?"

"उद्याचं शेवटचं आहे, वन्सं," पद्मिनी म्हणाली. तिला सांगायचं नव्हतं, पण सांगून झालं. "त्यानंतर मी तिथे जाणार नाही."

शोभाचा चेहरा असा खुलला की पद्मिनीला तिची चीड आली. "बघ दादा, मी म्हणत नव्हते? चहा न पिणारी माणसं ती. त्यांच्यात आपलं कोण रमणार?"

जगन्नाथ म्हणाला, "मी रमतो. तिथे मला कोणी बोलायला लावत नाही."

 सरलाबाईंचं लक्ष विनीताकडे होतं. ही तेरा वर्षांची नात, तिला मराठी समजायची पण उत्तर इंग्रजीत द्यायची. उद्या तिथे काय असतं, असं त्यांनी तिला विचारलं होतं आणि तिने सांगितलं होतं, "एव्हरीबडी फास्ट्स, आजी."

"सगळे? पोराटोरांसकट?"

"मोस्टली."

हे ऐकून सरलाबाईंचे डोळे लकाकले. सुनेने धर्म बदलला ही गोष्ट त्यांनी तीन वर्षं घशात अडकलेल्या काट्यासारखी सोसली होती. त्या लोकांनाही उपास असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

रविवारी सकाळी पद्मिनी वर बाळाला पाजत बसली होती तेव्हा खालून तुपात तडतडणाऱ्या जिऱ्याचा वास आला. शोभासाठी काहीतरी चाललं असेल, असं तिला वाटलं. गाडीत बसताना मागे फडक्यात बांधलेलं मोठं पातेलं दिसलं, पण आज तिला कशाचीच चौकशी करायची नव्हती. शोभा यायला तयार नव्हती. शेवटी ती आली ती सीमाला शेवटपर्यंत नजरेखाली ठेवायला.

ते चर्च म्हणजे विटांची बसकी इमारत. क्रूस नाही, मूर्ती नाही, घंटा नाही. दालनामागे सरकती भिंत आणि तिच्यामागे चक्क बास्केटबॉलचं मैदान. सरलाबाईंनी दारात चपला काढल्या. त्या काढायच्या नसतात, असं सांगायला विनीता पुढे झाली, पण आजी तोवर अनवाणी गालिच्यावरून निघाल्याही होत्या. जगन्नाथने पातेलं उचलून आणलं. आईने सांगितलं ते तो करतो, प्रश्न विचारत नाही. दालनाबाहेर येशूच्या तसबिरीखाली एक टेबल होतं. त्यावर पातेलं ठेवून सरलाबाईंनी झाकण काढलं.

पातेलंभर साबुदाण्याची खिचडी. डेव्हन अव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेला सगळा साबुदाणा त्यांनी रात्री भिजवला होता. भाजलेल्या दाण्यांचं कूट, हिरवी मिरची, वरून लिंबू. तो वास त्या बंद इमारतीत असा पसरला की दालनातल्या बाकांवरून माना वळल्या. आदल्या संध्याकाळपासून उपाशी असलेले दोनशे लोक. कुणाचं तरी लहान मूल मोठ्याने म्हणालं की त्याला भूक लागलीय.

पद्मिनीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आधीच ती इथली विचित्र बाई, बिल्लेवाली, फोटोवाली. आणि आता उपासाच्या दिवशी देवाच्या दारात जेवण मांडणारी.

लॉर्ना हफ लगबगीने आली. राखाडी केस घट्ट बांधलेली, उंच, कोरडी बाई. घटनादुरुस्तीविरुद्धच्या पत्रांची सगळी मोहीम तिच्याच स्वयंपाकघरातून चालायची. मे महिन्यापासून पद्मिनीशी तिचं बोलणं नमस्कारापुरतंच उरलं होतं. तिने पातेल्यात पाहिलं, मग सरलाबाईंच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

सरलाबाईंनी तिला खूण करून खिचडी दाखवली. "उपासाला चालते. घ्या." मग विनीताला म्हणाल्या, "सांग गं तिला, यात धान्य नाही."

"आजी, नो," विनीता कुजबुजली. "दे डोन्ट ईट एनीथिंग. नॉट इव्हन वॉटर."

सरलाबाईंचा हात झाकणावरच थांबला. "पाणीसुद्धा नाही? निर्जळी?"

विनीताला तो शब्द ठाऊक नव्हता. पद्मिनीने मान हलवून हो म्हटलं.

सरलाबाईंनी उघड्या दारातून आत पाहिलं. सूट घातलेले पुरुष, टोप्यांमधल्या म्हाताऱ्या, पोटुशी एक बाई, ओळीने बसलेली मुलं. कुणाच्या कपाळावर आठी नाही, कुणी आपल्या उपासाचा गाजावाजा करत नाही. त्यांनी झाकण हळूच पातेल्यावर ठेवलं. बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकताना बायकांचा आवाज होतो तसा त्यांचा आवाज झाला.

"शोभा, अगं, ही माणसं निर्जळी करतात. पोरांसकट. आणि आपण यांना चहावरून हसत होतो."

"आई, हे काय आता नवीन," शोभा म्हणाली. पण आई तिचं ऐकत नव्हती.

काय झालं ते पद्मिनीने लॉर्नाला कसंबसं समजावलं. आमच्याकडे उपासाला हे खातात, यांना वाटलं, तुमचाही तसाच.  लॉर्नाने विचारलं, "म्हणजे यांनी हे आम्हा सगळ्यांसाठी केलं? आणि स्वतः?"

सरलाबाई स्वतःही सकाळपासून काही खाल्लेल्या नव्हत्या. आधी पाहुण्यांना, मग आपण, हा त्यांचा हिशेब. लॉर्नाने फडक्याच्या गाठी बांधल्या, पातेलं स्वतः उचललं आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. संध्याकाळी उपास सुटेल तेव्हा पहिला घास मी घेईन, एवढं ती म्हणाली.

सभा सुरू झाली. एक प्रार्थना, एक गाणं, आणि बिशपने सीमाचं नाव पुकारलं.

पद्मिनीने बाळ व्हर्न हफच्या हातात दिलं. हे तिनेच ठरवलं होतं. वाट करून देणारा तोच होता. मक्याच्या यंत्रात अर्धं बोट गमावलेला त्याचा रुंद हात बाळाच्या मानेखाली गेला. बिशप, आणखी दोघं, सगळे जवळ आले, हातांवर हात आले. पद्मिनी परत येऊन जगन्नाथशेजारी बसली.

"आपण दोघं एकाच बाकावरचे," तो हळूच म्हणाला. तिला हसू आलं नाही.

तेवढ्यात सरलाबाई उठल्या.

कुणाला काही कळायच्या आत त्या मधल्या वाटेने चालत गोलापाशी पोचल्या. शोभाने "आई" म्हणून दबक्या आवाजात हाक मारली, ती हवेत राहिली. सरलाबाईंच्या मनात काही बंड नव्हतं. नातीचं नाव ठेवताना आजी जवळ असते, आणि आजच्या उपासात त्याही धरलेल्या होत्या, एवढं त्यांना पुरेसं होतं. दोन धिप्पाड पुरुषांच्या मधून त्यांनी हात घातला आणि सीमाच्या डोक्याखाली ठेवला.

 बिशपने मान वर करून व्हर्नकडे पाहिलं. पद्मिनी बाकाच्या कडेला आली होती. एक पाऊल टाकलं असतं तर तीही तिथे असती. पण तिने शब्द दिला होता, आणि आपल्या अंगात या घडीला किती मोह आहे हे कळून तिने पुढच्या बाकाची पाठ धरून ठेवली.

व्हर्नने बिशपकडे पाहिलं नाही. त्याने शेजारच्या माणसाच्या खांद्यावरचा आपला डावा हात काढला, थोडा सरकला, आणि तो हात सरलाबाईंच्या खांद्यावर ठेवला. नीट, वजन न देता. पलीकडचा माणूस गोंधळला, मग त्यानेही जागा केली. गोल पुन्हा पुरा झाला. बिशपने डोळे मिटले.

प्रार्थनेतलं पद्मिनीला पुढे फारसं आठवेना. नाव तेवढं स्पष्ट ऐकू आलं, सीमा, दीर्घ ईसकट, त्या दंतवैद्याने पाठ करून आणलेलं. तिला दिसत राहिला तो सासूचा सुरकुतलेला हात त्या चार गोऱ्या हातांमध्ये, आणि बाळ गप्प. इतके हात एका एवढ्याशा जिवाखाली. आपण मंदिरांत, लग्नांत, स्मशानात पाहिलं ते सगळं यापुढे फिकं आहे असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला. जायचं ठरवलेल्या माणसाला असं काही दाखवू नये.

मग प्रसादासारखे पावाचे तुकडे आणि पाण्याच्या इवल्या पेल्यांची तबकं फिरली, निर्जळीत तेवढंच चालतं. सरलाबाईंनी पेल्यातलं पाणी तळहातावर घेतलं, प्यायल्या, आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. पुढच्या बाकावरची म्हातारी वळून पाहत होती. तिने काही न बोलता मान लववली.

शोभा पद्मिनीच्या कानाशी लागली. "वहिनी, हे सगळं ठीक. पण आईला घेतलं कारण ती म्हातारी, परकी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुला घेतील?"

तो प्रश्न खोटा नव्हता. पद्मिनी तोच स्वतःला विचारत होती.

पहिल्या रविवारची उरलेली सभा मोकळी असते. ज्याला वाटेल त्याने उभं राहून मनातलं बोलावं. जवळजवळ सगळे एकाच वाक्याने सुरुवात करतात, मला ठाऊक आहे की हे चर्च सत्य आहे. दोघं बोलून बसले. मग पद्मिनी उभी राहिली. आशीर्वादाच्या वेळी न उठण्याचा शब्द तिने पाळला होता. याबद्दल कुणी शब्द मागितला नव्हता.

"तुम्ही म्हणता, मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मला बरंच काही ठाऊक नाही. मी आले तेव्हा घराबाहेर छातीएवढा बर्फ होता, आणि तुम्ही आलात, हे मला ठाऊक आहे. आज माझ्या सासूला तुम्ही जागा केलीत, हे ठाऊक आहे. आणि स्त्रीला कायद्याने समान मानावं हेही मला तितकंच ठाऊक आहे. इथे बसून प्रार्थना केली की ते जास्त ठाऊक होतं, कमी नाही." बिशप खुर्चीत पुढे सरकला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे बोलली. "आजचा माझा इथला शेवटचा दिवस, असं मी ठरवून आले होते. ते मी मोडते आहे. याच महिन्यात मी पुन्हा स्प्रिंगफिल्डला जाणार. आणि त्यानंतरच्या रविवारी इथे येणार. मला बाहेर काढायचं असेल तर तुम्हाला काढावं लागेल. मी आपली आपण जाणार नाही."

ती बसली.  अडीच वर्षांपूर्वी व्हर्जिनियातल्या एका बाईला याच कारणापायी चर्चने बाहेर काढलं होतं, आणि ते इथल्या प्रत्येकाला माहीत होतं. जगन्नाथने तिचा हात हातात घेतला. चारचौघांत त्याने असं कधी केलं नव्हतं.

 मग लॉर्ना हफ उभी राहिली. शोभाने पद्मिनीचा दंड घट्ट धरला.

"ही दुरुस्ती पडावी म्हणून मी रोज प्रार्थना करते," लॉर्ना म्हणाली. "पुढेही करणार. सिस्टर पद्मिनी चुकते आहे, हे मला ठाऊक आहे." ती थांबली. पुढचं वाक्य तिला सोपं जात नव्हतं. "ती बस पहाटे पाच वाजता सुटते. गेल्या वेळी मी खिडकीतून पाहिलं. थंडी होती आणि बाळाला टोपडं नव्हतं. तान्हं मूल असं बसमधून हिंडवू नये. बाळाला माझ्याकडे ठेव आणि तू जा."

एवढं बोलून ती बसली.

कुणीतरी हसलं, हुंदक्यासारखं. बिशपने कपाळ पुसलं आणि गाणं सांगितलं. पद्मिनीला गाणं म्हणता येईना. आपल्याशी सहमत व्हा, असं ती इतके महिने या लोकांकडे मागत होती. त्यांच्याकडे दुसरंच काही होतं, त्याहून मोठं, आणि ते त्यांनी कधीच परत घेतलेलं नव्हतं. 

शोभा वाटेत म्हणाली, "विचित्र माणसं आहेत." सरलाबाई म्हणाल्या, "आपल्या घरात याहून सरळ कोण आहे ते सांग." 

पद्मिनी खरोखरच स्प्रिंगफिल्डला गेली. जूनअखेर घटनादुरुस्ती पडली. ती परतली तेव्हा लॉर्नाने झोपलेली सीमा तिच्या खांद्यावर दिली. "दुरुस्ती पडली याचं मला वाईट वाटत नाही," ती म्हणाली. "तू दमलीस याचं वाटतं." पद्मिनीला कुणी बाहेर काढलं नाही. राइनहोल्टची बिशपकी संपली आणि तो पुन्हा नुसता दाढा काढू लागला. बायकांचा वर्ग दोन वर्षांनी नव्या बिशपने पद्मिनीला परत दिला. तिच्याविरुद्ध तक्रारी अधूनमधून होतच राहिल्या.

सरलाबाई पावसाळा संपता संपता पुण्याला परतल्या. भजनी मंडळात त्या मॉर्मन लोकांविषयी अशा आदराने बोलत की बायकांना मॉर्मन म्हणजे काशीजवळचं एखादं गाव वाटे. नऊ वर्षांनी, झोपेतच गेल्या. शोभाने भावजयीशी वर्षभर अबोला धरला आणि मग आपणच मोडला. चर्चची पायरी पुन्हा चढली नाही, पण दिवाळीत नोव्हायहून चिवड्याचे दोन डबे येत, एक दादाच्या नावाने आणि एक लॉर्नाच्या. विनीता वकील होऊन ईडन प्रेरी नावाच्या गावी स्थायिक झाली. देवधर्माशी तिने संबंध ठेवला नाही, आणि आईने तिला कधी त्याबद्दल छेडलं नाही. सीमाला आठव्या वर्षी विचारलं तेव्हा ती म्हणाली, अजून नाही. तेराव्या वर्षी हो म्हणाली. जगन्नाथ अखेरपर्यंत कशावरच विश्वास न ठेवता त्याच बाकावर बसत राहिला. तो गेला तेव्हा त्याला खांदा द्यायला चर्चमधले सहा जण आपण होऊन उभे राहिले, त्यात म्हातारा व्हर्न होता.

लॉर्ना सगळ्यांत शेवटी गेली. पंचवीस वर्षांत तिने आणि पद्मिनीने एकाही निवडणुकीत एकाच माणसाला मत दिलं नाही. आपल्या अंत्यविधीला कोणी बोलायचं, हे ती मुलांना सांगून ठेवून गेली होती. पद्मिनीने. आणि तिने रडत बोलायचं नाही, मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.